फाटकावरची बाई

कुणी त्याच्यासमोर एखाद्या चित्राला 'मस्त' म्हटलं की तो चिडायचा. "मस्त म्हंजे काय? डोळा आधी कुठं गेला ते सांग. मग कुठं गेला? आन् तिथनं हालला का न्हाई?" चहाच्या टपरीवर एवढ्या प्रश्नांना उत्तर द्यायला कुणाला वेळ नसायचा. माणसं हसून निघून जायची. मी त्याच्यासोबत काम करत असल्यामुळे मला जाता यायचं नाही.

आम्ही लातूरला एका कोचिंग क्लासच्या मागच्या खोलीत बसायचो. मी बॅनर करायचो. निकाल लागला की पोरापोरींचे फोटो, मोठ्या अक्षरात मार्क, डोक्यामागे सोनेरी किरणं. तो प्रश्नपत्रिकांच्या आकृत्या काढायचा. मूत्रपिंडाचा उभा छेद, कप्पी, भिंग, फुलाचे भाग. लातुरात क्लासमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस सर असतो, झेरॉक्स काढणारासुद्धा. म्हणून मी त्याला सर म्हणायचो. तो मला पेंटर म्हणायचा. मी आयुष्यात ब्रश धरलेला नाही हे त्याला माहीत होतं, म्हणूनच म्हणायचा.

माझा प्रत्येक बॅनर तो तपासायचा. कुणी सांगितलेलं नसताना. त्याची एक रीत होती. चित्र मोबाइलवर टपाल तिकिटाएवढं बारीक करायचं, मोबाइल खिडकीत टेकवून ठेवायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभं राहायचं. मग एकदम वळायचं, बघायचं, लगेच डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनी जे उरलं ते बोलायचं.

"पोरगं दिसलं. पिवळं दिसलं. पास झालंय का हरवलंय, ते कळंना."

क्लासच्या सगळ्यात हुशार मुलाचा बॅनर होता तो. संचालकांनी पसंत केलेला. मी दुपारभर त्याच्याशी बोललो नाही. संध्याकाळी चौकात तो लागलेला बघितला तेव्हा मलाही वाटलं की खाली 'आढळल्यास कळवावे' एवढंच लिहायचं राहिलंय.

तो वस्तूंकडेही असाच बघायचा. गाईडं, लग्नपत्रिका, बिस्किटाचे पुडे, औषधाच्या बाटल्या. आत काय आहे याच्याआधी बाहेर काय आहे, आणि मग दोन्हींचा मेळ. एकदा क्लाससमोरच्या दुकानातून त्यानं चिवड्याचं पाकीट घेतलं. पाकिटावर काजू होते, टपोरे. त्यानं पाकीट फोडून वर्तमानपत्रावर ओतलं, बोटानं पसरलं आणि ते सगळं उचलून दुकानात परत नेलं.

"काका, काजू कुठंत?"

"सर, ते चित्र हाय."

"चित्र हाय म्हणूनच इचारून राहिलो."

"आता पाकिटावर हसणारी बाई बी हाय. ती बी पायजे का आत?"

दुकानातली पोरं खो खो हसली. तो हसला नाही. "बाई खाणारी हाय. काजू खायचाय," म्हणाला. दुकानदारानं वैतागून पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात जाऊन सुटे फुटाणे घेऊन आला. भांडण दुकानदाराशी नव्हतंच त्याचं.

त्याचे वडील रेल्वेत गेटमन होते, भोकरच्या पुढे एका फाटकावर. बालपण फाटकाशेजारच्या खोलीत गेलेलं. त्यामुळे रूळ दिसला की तो माझ्या गाडीवरून उतरायचा. गेट उघडं असलं तरी. चालत जायचा, दोन्हीकडे वाकून बघायचा, पलीकडे उभा राहून मला हात करायचा. मागची वाहनं हॉर्न वाजवायची, शिव्या मला पडायच्या.

"सर, गेट उघडं हाय की."

"उघडणारा कोण हाय? माझ्या बापासारखाच कुणीतरी. बाप दिवसातनं दहादा घाबरायचा."

हाच माणूस एकट्यानं एक व्हिडिओ गेम करत होता. पहाटे उठून, क्लासला यायच्या आधी, भाड्याच्या खोलीत. कित्येक वर्षं. तो त्याला खेळच म्हणायचा. खेळाचं नाव 'फाटक'. खेळणारा गेटमन असतो. स्टेशनातून फोन येतो, गाडी सुटली. गेट पाडायचं. मग दोन्ही बाजूंना माणसं साचत जातात. वऱ्हाड, दुधवाला, परीक्षेला निघालेली पोरगी, जीपमध्ये कण्हणारा म्हातारा. ते बोलतात, विनवतात, शिव्या देतात. तुम्ही गेट उघडायचं नसतं. गाडी जाते, तुम्ही उघडता, सगळे निघून जातात आणि म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला कधीच कळत नाही. एवढाच खेळ.

आणि रोज दिवस मावळायला गेटमनची बायको डबा घेऊन येते, दगडावर बसते आणि बोलत राहते. ती म्हणजे त्याची स्वतःची आई. आवाजही तिचाच. सुट्टीच्या दिवशी भोकरला जाऊन तो तिच्यासमोर मोबाइल ठेवायचा आणि ती बोलायची. तिच्या बोलण्याला पूर्णविराम नसायचा. शेळी, शेजारीण, जावेनं ढापलेली पितळी घागर, गाडीतून कुणीतरी फेकलेली आणि तिनं वर्षभर वापरलेली रंगीत छत्री. मधेच "जेवलाव का तुमी, का माझंच ऐकून राहिलाव?" असं ती खेळणाऱ्याला विचारायची. क्लासच्या खोलीत मी तो खेळ, तोवर जेवढा झाला होता तेवढा, पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळलो. खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. वर आलो तर त्यानं विचारलंही नाही, कसा वाटला म्हणून.

पुढे मी लातूर सोडलं आणि नांदेडला स्वतःचं फ्लेक्सचं दुकान टाकलं. त्यानं नोकरी सोडली, खेळ पुरा केला आणि इंटरनेटवर जिथं असे खेळ विकतात त्या स्टोअरवर लावला. कुणी घेतला नाही. म्हणजे अगदीच कुणी नाही असं नाही, ओळखीच्यांनी घेतला. महिने गेले. मग एक दिवस तो लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आला आणि फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसला.

"पेंटर, कव्हर बघ. मस्त म्हणू नको."

स्टोअरवर खेळांची कव्हरं रांगेनं लावलेली असतात, तिकिटाएवढी. ड्रॅगन, बंदुका, पेटलेली शहरं, मोठ्या डोळ्यांच्या मुली. त्यांच्यामध्ये त्याचं कव्हर होतं. पाडलेलं गेट, लाल-पांढरे पट्टे, गेटला टेकवलेली सायकल, मागे मावळतीचं आभाळ. मोठं करून बघितलं तर फार सुंदर होतं. सायकलीच्या हँडलला लटकवलेल्या डब्यावर उजेड पडलेला. पण तेवढ्या जागेत फक्त लाल-पांढरे पट्टे उरत होते.

मी म्हणालो, "पुढे काम चालू आहे, असा बोर्ड वाटतोय."

तो आधी हसला. मग त्यानं लॅपटॉप स्वतःकडे वळवून बराच वेळ बघितलं. "खरं हाय," म्हणाला. "मी स्वतःचं कव्हर पाठ करून बघितलंच न्हाई कधी. मला आधीच ठाऊक होतं की काय हाय त्यात." आणि मग म्हणाला, "तू रस्त्यावरचा माणूस थांबवतूस. तू करशील का?"

इतकी वर्षं माझ्या कामाच्या चिंध्या करणारा माणूस मला विचारत होता. मला ते फार आवडलं. इतकं की त्यानंतरच्या कुठल्याही क्षणी मी थांबून विचार केला नाही.

संदर्भ म्हणून त्यानं एक जुना फोटो ठेवला. फाटकाजवळ वडील हिरवी झेंडी घेऊन उभे, शेजारी आई, फिकट रंगाचं लुगडं, हातात डबा, डोळ्यांवर ऊन आल्यामुळे कपाळाला आठ्या. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आम्ही फोटोतला माणूस कापून बाजूला ठेवतो. वाढदिवसाच्या बॅनरवरचा माणूस पुढे निवडणुकीच्या बॅनरवर जातो आणि कधीतरी श्रद्धांजलीच्या. फोटो तोच, मागचा रंग बदलतो. हात इतका सरावलेला असतो की हे काय चाललंय असं कधी मनात येत नाही. मी त्याच्या आईला कापलं आणि रुळांच्या मधोमध उभं केलं. भोवती रात्र भरली. कडांना पांढरा उजेड दिला. चेहरा पुसून काळा केला. हातातला डबा काढला, कारण डबा असला की चित्र घरगुती वाटत होतं. पुढच्या बाजूला पाठमोरा गेटमन, हातात कंदील. कोपऱ्यात पट्ट्यांचं टोक.

मला कळत होतं की हे भुताच्या खेळाचं कव्हर झालंय. कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्यानं बघितलं. "ही आई हाय."

"तोंड कुठं दिसतंय, सर? कुणीही बाई असू शकते."

"डबा कुठंय?"

"डबा असला की भीती जाते."

"भीती कशाला पायजे? माझ्या खेळात एवढी रात बी न्हाई."

वाद घालायचा मला कंटाळा आला होता, आणि घालायची गरजही नव्हती. मी चित्र मोबाइलवर बारीक केलं, मोबाइल प्रिंटिंग मशीनवर टेकवला आणि त्याला दंडाला धरून दुकानाच्या दाराशी नेलं. पाठ करून उभं केलं. वळा म्हणालो. तो वळला, बघितलं, आणि सवयीनं डोळे मिटले.

"काय दिसलं?"

"बाई."

"आणि?"

"फाटक." थोडं थांबून म्हणाला, "काय होतंय आता, असं वाटलं."

त्याच्याच कसोटीवर मी त्याला हरवलं होतं. तो डोळे मिटूनच उभा होता. बाहेरून ऑटो जात होते. मग म्हणाला, "ठीक हाय. लाव." जाताना फोटो न्यायला विसरला. तो माझ्याकडे अजून आहे, द्यायचं धाडस झालेलं नाही.

खेळ विकला जायला लागला. मी ते कव्हर मोठ्या फ्लेक्सवर छापून दुकानात लावलं, गिऱ्हाइकांना नमुना म्हणून. जत्रेत भूतबंगल्याचा तंबू लावणारा एक जण आला आणि म्हणाला, ही बाई मला द्या, प्रवेशद्वारावर लावतो. मी नाही म्हणालो. पण नाही म्हणायला मी किती वेळ घेतला ते मला माहीत आहे.

मग लोकांची मतं यायला लागली. बहुतेक इंग्रजीत. तो फोनवर मला मराठीत करून सांगायचा, अगदी शांतपणे, दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं. "एक जण म्हनतोय, भूत कुठंय? एक म्हनतोय, गेट उघडलं, गेट लावलं, एक म्हातारी डोकं खात बसली, पैसे परत द्या. एकानं लिहिलंय, हा खेळ म्हंजे फसवणूक हाय."

"मूर्ख आहेत," मी म्हणालो.

"मूर्ख कसे? खरं हाय त्यांचं. चित्रात दिलं, आत न्हाई."

त्यानं एकेका माणसाला उत्तर लिहून माफी मागितली. मी म्हणालो, जुनं कव्हर परत लाव. यावर तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "आन् ज्यांनी हे बघून घेतलं त्यांचं काय? त्यांना काय सांगू, पाकीट बदललंय, जावा घरी?"

मला वाटलं, राग ओसरेल. मग वर्षभर त्याचा फोन आला नाही. मी केला की "काम चालू हाय" एवढंच म्हणायचा. मला आशा वाटायची की नवा खेळ करत असेल. एका दुपारी माझ्या मोबाइलवर सूचना आली की 'फाटक' बदललाय. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून खेळायला बसलो.

खेळात दिवस उरलाच नव्हता, सगळी रात्र होती. फोन वाजायचा आणि पलीकडे कुणी नसायचं. वऱ्हाड, दुधवाला, पोरगी, म्हातारा, सगळे काढून टाकलेले. गेट पाडलं की रुळांवर ती उभी असायची. चेहरा नाही, हातात डबा नाही. बोलत नव्हती. दर वेळी थोडी जवळ. फार चांगलं केलं होतं. मी आवाज पूर्ण वाढवून बघितला.

मी त्याला फोन लावला. "सर, आईचं बोलणं?"

"आधी तसंच ठेवलं होतं. भूत यिऊन इचारतंय जेवलाव का. ज्यांना दाखवलं ते हसले. मग काढलं."

"रेकॉर्डिंग तरी ठेवलं असेल."

"न्हाई. ठेवलं असतं तर परत घातलं असतं."

"आणि जुना खेळ? त्याची एखादी प्रत?"

"पेंटर, एकाच फाटकावर दोन खेळ कसे चालतील? हा खरा, का तो खरा? मिटवला."

नवा खेळ लोकांना आवडला. एका पोरानं तो खेळतानाचा किंचाळण्याचा व्हिडिओ टाकला, तो खूप लोकांनी बघितला. आता मतं चांगली येतात. 'कव्हरवर जे दिसतं ते मिळतं' असं कुणीतरी लिहिलंय. हे त्यानं मला स्वतः वाचून दाखवलं. त्याच्या आवाजात काही होतं का, मी फार ऐकायचा प्रयत्न केला. काही नव्हतं. त्यानं मला कधी दोष दिला नाही. उलट असे खेळ करणाऱ्या दोघातिघांना त्यानं माझं नाव सांगितलं, की नांदेडला एक माणूस आहे, त्याचं चित्र थांबवतं. त्यांची कामं माझ्याकडे आली. मी केली.

मागच्या महिन्यात भोकरला एका दुकानाच्या उद्घाटनाचे बॅनर पोचवायचे होते. तो नांदेडला आलेला होता, म्हणाला, मीही येतो, आईकडे जाऊ. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. आई त्याच्या भावाकडे असते. मी तिला तोवर कधी भेटलो नव्हतो, फक्त ऐकलं होतं. आणि पुसलं होतं.

ती पलंगावर बसलेली होती, बारीक झालेली. मला बघून म्हणाली, "तुमीच का पेंटर? ह्यो सांगत असतो." मग बोलायला लागली. रंगीत छत्रीची गोष्ट सुरू केली. गाडी आली, खिडकीतून कुणीतरी छत्री फेकली, आणि तिथंच अडली. "मग..." म्हणाली. "मग काय झालं बाबा?" त्याच्याकडे बघायला लागली. त्यानं सांगितलं, "तू ती वापरलीस, वर्षभर." "असंल," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तिला पुन्हा हुशारी आली. "ह्यानं माझं समदं बोलनं मशिनीत भरून नेलंय. मी गल्लीत समद्यास्नी सांगते, माझ्या लेकाच्या खेळात मी हाय म्हून. ह्याला दाखव म्हनलं की दाखवत न्हाई. पेंटर, तुमी दाखवा."

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, काहीतरी कारण सांगेल, मोबाइलला रेंज नाही, असं काहीही. तो म्हणाला, "दाखव."

मी कव्हर उघडून मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, मग जवळ आणला.

"रात हाय का ही?"

"हाव," तो म्हणाला.

"आन् रुळावर कोन उभारलंय? मरायला? तुज्या बापानं शिट्टी मारून हाकलली असती तिला."

"आई, ती तूच हायेस."

तिनं पुन्हा बघितलं. खूप बारकाईनं, अंगठ्यानं काच पुसून. मी जमिनीकडे बघत होतो.

"मी? मी कवा रुळावर उभारले?" ती म्हणाली. "बोलती का ही?"

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

"न्हाई, आई."

ती हसली. मोकळं, दात नसलेलं हसू. मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाली, "मग ही मी कशी? पेंटरनं दुसरीच कुनीतरी लावलीय."

मी मोबाइल खिशात घातला. तो बोलला.

"हाव आई. दुसरीच लागली."

"तरीच म्हनलं," ती म्हणाली, आणि पलंगावर सावरून बसली. रेकॉर्डिंगला मोबाइल समोर ठेवला की अशीच बसत असावी. "मग माझा खेळ कवा करतूस?"

तो उठला. पाणी आणतो म्हणाला आणि बाहेर गेला. दारात चपला घालायला त्याला फार वेळ लागला. ती माझ्याकडे बघून थांबली होती.